शालिग्रामचा एकट्याचा कार्यक्रम

आधीच सांगून ठेवतो, मी गातो. पिंपळगाव राजाच्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी आमचं भजन असतं, आणि गेली अडतीस वर्षं पुढे बसून गाणारा मीच. भगवान गुरुजी म्हणतात मला. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरं शिकवली. त्यानं लोकांचे आवाज बसतात, माझा उलट मोकळा झाला. मला माईक लागत नाही. मी गायला लागलो की शेजारच्या गोठ्यातली जनावरं उठून उभी राहतात असं लोक सांगतात. ही स्तुती आहे की आणखी काही, याच्या खोलात मी कधी गेलो नाही.

माझ्या डाव्या बाजूला शालिग्राम बसतो, पेटीवर. खामगावला पंचायत समितीत कारकून होता, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला. स्वभाव असा, की चहात साखर नसली तरी मुकाट्यानं पिऊन टाकेल आणि वर कपबशी विसळून ठेवेल. मी गाता गाता पट्टी सोडली की तोही गुपचूप पट्टी बदलायचा. मी कडवं विसरलो की मला आठवेपर्यंत तीच ओळ घोळवत बसायचा. अडतीस वर्षांत त्यानं एकदाही म्हटलं नाही की गुरुजी, आज जरा चुकलं. असा माणूस साठीला टेकल्यावर पियानो शिकायला लागेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच डॉक्टरकडे पाठवलं असतं.

पियानो काही त्यानं मागितला नव्हता. त्याच्या मुलानं पुण्यात आपल्या पोरीसाठी, म्हणजे शालिग्रामची नात इरा, तिच्यासाठी लॉकडाऊनमध्ये घेतला होता. पोरीचा जीव उडाला, फ्लॅटमध्ये जागा अपुरी पडायला लागली, म्हणून त्यांनी तो ट्रान्सपोर्टच्या गाडीत घालून गावाकडे पाठवून दिला. विजेवर चालणारा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, शाळेतल्या बाकाएवढा लांब. शालिग्रामच्या घरच्यांनी, आमच्या शकुंतलावहिनींनी, पहिले पंधरा दिवस त्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवल्या. सोळाव्या दिवशी घड्या खुर्चीवर गेल्या आणि शालिग्राम त्याच्यापुढे जाऊन बसला. का बसला ते तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तो कानाला हेडफोन लावून वाजवायचा. म्हणजे आवाज त्याच्या एकट्याच्या कानात, बाहेर नुसती ठकठक. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, बिचारा रिटायर झाला पण टायपिंग काही सुटलं नाही.

आता पेटीवाल्याचा डावा हात काय करतो? भाता मारतो. अडतीस वर्षं शालिग्रामचा उजवा हात सूर वाजवत होता आणि डावा पेटीत हवा भरत होता, दुसरं काम त्याला ठाऊकच नव्हतं. पियानोला भाता नसतो. तिथं दोन्ही हातांनी वाजवावं लागतं, आणि दोघांनी वेगवेगळं. यानं उजव्या हातानं सूर धरला की डावा आपोआप हवेत उठायचा आणि मागंपुढं हलायला लागायचा. मी खिडकीतून पाहिलं आहे. वाटायचं, समोर कोणी पाहुणा बसलाय आणि हा त्याला वारा घालून राहिलाय. मी पोट धरून हसलो. त्यानंही हेडफोन काढून थोडं हसून घेतलं आणि परत लावला.

पण कारकून तो कारकून. यूट्यूबवर पाहून पाहून तो पाच रेघांचं विलायती नोटेशन वाचायला शिकला. चौकटीच्या वहीत एकेक सूर सा-रे-ग-म मध्ये उतरवून घ्यायचा, वर तारीख टाकायचा. वर्षभरात डावा हातही थोडा माणसात आला. मग त्यानं चार महिने खपून एक नामांकित तुकडा बसवला. बसला म्हणून हौसेनं तोच यूट्यूबवर शोधला, तर चीनमधली एक पोरगी निघाली. वय वर्षं सहा. पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि बोटं अशी चालत होती की शालिग्राम दोन दिवस नीट जेवला नाही. वहिनींना वाटलं पित्त झालं.

तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, की जे जगात कोणीच वाजवत नाही असं काहीतरी आपण वाजवायचं. म्हणजे तुलनेचा प्रश्नच मिटला. बरोबर कसं वाजतं तेच कोणाला माहीत नाही, तर चुकलं कोण म्हणणार? मला हा विचार फार आवडला. त्याला म्हटलं, आम्ही शाळा तपासणीच्या दिवशी फळ्यावर असंच काहीतरी लिहून ठेवायचो, जे साहेबालाही येत नसे.

परदेशातल्या लायब्रऱ्यांनी दीडदोनशे वर्षांपूर्वीचं छापील नोटेशन स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे म्हणे. त्या काळी तिकडं बऱ्या घरांतून पियानो असायचे, आणि पियानोसाठी लिहिणारेही ढिगानं. त्यातले पाचपंचवीस मोठे झाले, बाकीच्यांचं लिखाण कपाटात पडलं. शालिग्रामनं ते कपाट उघडलं. त्याला हवी होती व्हेरिएशन्स. म्हणजे काय, तर एक साधी चाल घ्यायची, आधी आहे तशी वाजवायची, मग तीच पळवायची, तीच रडवायची, तिच्यावर दागिने चढवायचे, मग सगळे उतरवून ठेवायचे, असं आठदहा वेळा. मी म्हटलं, त्यात काय एवढं, हे तर मी दर गुरुवारी करतो. तो म्हणाला, तू करतं, मी नाही. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

शोधण्याची पद्धतही सरकारी. एक लांबट रजिस्टर आखलं. अनुक्रमांक, लिहिणाऱ्याचं नाव, साल, पानं, आणि शेवटी शेरा. पहिली तपासणी यूट्यूबची. तिथं एकही रेकॉर्डिंग सापडलं की शेरा, 'वाजवले आहे, नामंजूर.' दुसरी तपासणी डाव्या हाताची. त्या नोटेशनात वरच्या पाच रेघा उजव्या हाताच्या असतात, खालच्या पाच डाव्याच्या. खालच्या रेघांवर कपाशीच्या पानावर मावा पडावा तसे काळे ठिपके दाटलेले दिसले की, 'डावा हात अवघड, नामंजूर.' अशी एकशे बारा प्रकरणं त्यानं निकालात काढली. कुठले कुठले ते गोरे लोक, बिचाऱ्यांनी जीव ओतून लिहिलं असेल, आणि शेवटी त्यांची फाइल पिंपळगाव राजात येऊन फेटाळली गेली.

एकशे तेरावा निघाला जर्मनीकडच्या कुठल्याशा खेड्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक माणूस. म्हणजे पेटीवालाच, दुसरे गाणार आणि हा मागं वाजवणार. त्यानं १८४१ साली गावातल्याच एका गाण्याच्या चालीवर नऊ व्हेरिएशन्स लिहिली आणि छापून आणली. पुढं त्याचं काय झालं ते इंटरनेटलाही माहीत नाही. नाव शालिग्राम दर वेळी वेगळं उच्चारायचा, म्हणून मी ते लिहीत नाही. यूट्यूबवर शून्य. आजवर किती वेळा ते उतरवून घेतलं गेलं याचा आकडा त्या साइटवर होता, अकरा. त्यातले चार शालिग्रामचेच, कारण आमच्याकडं नेट मधेच जातं. डावा हात सोपा. शेरा, 'मंजूर', आणि खाली सही.

खामगावला जाऊन प्रिंट काढल्यावर घोळ लक्षात आला. एक पान स्कॅन करताना उलटं लागलं होतं. उलट्या पानात वरच्या रेघा खाली जातात आणि खालच्या वर येतात. यानं खालच्या रेघा मोकळ्या पाहिल्या आणि पास करून टाकलं. ते सहावं व्हेरिएशन होतं, आणि त्यात अख्खी चाल डाव्या हाताला दिलेली, उजव्यानं वर नुसती अधूनमधून चिवचिव करायची. मी म्हटलं, सोड, दुसरं शोध, जगात काय लिहिणारे कमी मेले आहेत? तर म्हणतो, एकदा मंजूर झालेलं प्रकरण परत उघडता येत नाही. त्या एका पानानं त्याचे पुढचे सात महिने खाल्ले.

त्या सात महिन्यांत आमच्या भजनाची मात्र धूळधाण झाली. डाव्या हाताला वळण लागावं म्हणून तो कुठंही बसला तरी डाव्या बोटांनी मांडीवर सहावं वाजवत असायचा. एसटीत, पंगतीत, एका मयताला गेलो होतो तिथंसुद्धा. एका गुरुवारी भाता मारता मारता बोटं तिकडं लागली, भाता थांबला, आणि मी वरच्या सुरावर उभा असताना पेटीनं खालून जीव सोडला. सगळं देऊळ ऐकत होतं. मी तिथल्या तिथं झापला त्याला. तुह्या त्या जर्मन बापाले बोलाव गायाले, असं चार लोकांसमोर म्हटलं. तो परत भाता ओढायला लागला.

राग माझा फार वेळ टिकत नाही, हा माझा एक चांगला गुण आहे. मी गावच्या वाचनालयाचा सचिव. दिवाळीनंतरच्या रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन असतो, सकाळी दहाला, शाळेच्या हॉलमध्ये. मी शालिग्रामला म्हटलं, या वर्षी तुझा कार्यक्रम ठेवू. इराही दिवाळीला येणारच होती. त्यानं विचारलं, एकट्याचा? मी म्हटलं, हाव, एकट्याचा. अडतीस वर्षांत त्याचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता.

आणि मग मी काय करावं? मला त्याची कीव आली. बारा मिनिटं नुसतं वाजणार, त्यात ना शब्द, ना देव. लोक बसतील कसे? बिचारा कोरडा पडेल. एव्हाना तो हेडफोन काढून वाजवायला लागला होता, आणि त्याच्या ओट्यावर बसून बसून मला ती चाल पाठ झाली होती. जात्यावरच्या ओवीसारखी सरळ चाल. मी तिच्यावर स्वतः चार ओळी रचल्या, सरस्वतीच्या. देवळामागं जाऊन दोन महिने गुपचूप बसवल्या, कोणत्या व्हेरिएशनला कोणती ओळ उचलायची तेही ठरवलं. निमंत्रणपत्रिकाही मीच छापून आणल्या. 'श्री. शालिग्राम यांचे पियानोवादन', आणि खाली बारीक अक्षरात, 'गायन साथ: भगवान गुरुजी'. बारीक अक्षर मुद्दाम घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला साथीला लावून घेतलं होतं, आणि माझ्या मोठेपणाचं मलाच कौतुक वाटून राहिलं होतं.

शालिग्रामनं पत्रिका दोनदा वाचली, छान छापली म्हणाला आणि आत गेला. मी खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुंतलावहिनी आमच्या दारात. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच मी समजलो की काहीतरी बिनसलंय. त्यांनी मोबाइल पुढं केला. आमच्या भजनाचा तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ, कोणीतरी यूट्यूबवर टाकलेला. पियानो येऊन पडला त्याच पंधरवड्यात इरानं तो पुण्यात पाहिला होता. फोन करून तिनं विचारलं होतं, आजोबा, तुम्ही यात दिसता, पण ऐकू कुठं येता?

"तवापासून हे त्या डब्यापुढं बसून राह्यले, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "बाकी काही नाही. पोरीनं एकदा त्याइले एकट्याले आयकावं, एवढंच. तुम्ही गासान, अन् हे तुमच्या मागं वाजवतीन. तोंडानं काही बोलणार नाहीत. म्हणून मी आली."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, मी त्यांना सुनावलं. मी नसतो तर शालिग्रामची पेटी ऐकायला कुत्रं तरी आलं असतं का, इथपर्यंत बोललो. वहिनी उठून गेल्या. मग मी दार लावून घेतलं आणि तो व्हिडिओ ऐकला, सव्वीस मिनिटं. आमच्यात रीत अशी, की कडवं संपलं की पेटीवाला ती ओळ एकदा एकटा वाजवतो, आणि मग गाणारा पुढचं कडवं उचलतो. ती ओळ आठ मात्रांची. मी तिसऱ्या मात्रेलाच तोंड घालत होतो. दर वेळी. ओळ सुरू झाली की शालिग्रामचा चेहरा जरा उजळायचा, मी शिरलो की बोटं मागं यायची आणि साथीला लागायची. सव्वीस मिनिटांत त्याला एक ओळ पुरी वाजवायला मिळाली नव्हती. मला लाज वाटली. फार वाटली. त्या दिवशी मी चहासुद्धा मागितला नाही.

पत्रिका दोनशे छापून बसल्या होत्या. रात्रीचं जेवण होईपर्यंत काळा पेन घेऊन मी प्रत्येकीवरची ती शेवटची ओळ खोडली. पण छापलेलं अक्षर पेनाखालून वाचता येतंच. आमचा मृदंगवाला कचरू दुसऱ्या दिवशी पत्रिका घेऊन गेला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गुरुजीचं आणि शालिग्रामचं फाटलं. कोणी म्हणालं पेटीवरून, कोणी म्हणालं वावराच्या धुऱ्याबांधावरून, जरी आमची वावरं एकमेकांपासून दोन कोस लांब आहेत. मी काही खुलासा केला नाही. खुलासा करायचा म्हणजे सव्वीस मिनिटांचं सगळं सांगावं लागलं असतं.

वर्धापनदिनाला एरवी तीस माणसं येतात, त्यातली वीस सत्काराची. त्या रविवारी हॉल भरून व्हरांड्यात लोक उभे. सगळे भांडण पाहायला आले होते. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी कचरू. माझा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता, म्हणून घरून निघतानाच मी दोन्ही गालांत एकेक विडा कोंबला होता. अध्यक्षांनी काही विचारलं तर मी नुसता हात जोडत होतो, त्यामुळे भांडणाची बातमी आणखीच पक्की झाली. इरा भिंतीपाशी मोबाइल धरून उभी होती. चौदा वर्षांची झाली आता, आजोबांपेक्षा बोटभर उंच.

शालिग्राम पांढरा शर्ट घालून आला. त्यानं हळू आवाजात सांगितलं, की हे एकशे चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीचं आहे, नऊ भाग आहेत, मधे थांबलो तर संपलं समजू नका. मग बसला. आधी साधी चाल वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं व्हेरिएशन झालं, पुन्हा टाळ्या. कचरूनं बोटं मोजायला सुरुवात केली. तिसऱ्याला चाल अशी पळाली की मागच्या बाकावरचे उठून त्याचे हात पाहायला लागले. एकदोन ठिकाणी तो चुकला असेल, मला काय कळणार, आणि कोणालाच काय कळणार? त्याचा हिशोब तिथवर अगदी बरोबर उतरला होता. चौथं झालं, पाचवं झालं. लोक टाळ्या वाजवायचे विसरले, हे मी स्वतः पाहिलं. भांडण पाहायला आलेले लोक शालिग्रामला ऐकत होते.

मग सहावं. डाव्या हातानं चाल धरली, उजवा वर चिवचिवायला लागला. चार ओळींतल्या दोन झाल्या. तिसरीच्या तोंडाशी डावा हात पट्ट्यांवरून उठला, हवेत गेला, आणि मागंपुढं हलला. एकदा, दोनदा. भाता मारल्यासारखा. शालिग्रामनं त्या हाताकडे पाहिलं, परक्याचा असावा तसं. सूर थांबला.

आणि मग, अडतीस वर्षांची सवय, पेटी थांबली की गावाची मान गुरुजीकडे वळते. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कचरूनं कोपर मारलं, घ्या ना गुरुजी म्हणाला. आणि शालिग्रामनंही मान वळवली. तीही माझ्याकडेच.

तिसरी ओळ मला येत होती. सुरासकट, शब्दांसकट, दोन महिने बसवलेली. माझ्या गळ्यात ती येऊन उभी होती. मी नुसतं 'हं' केलं असतं तरी त्याला धागा मिळाला असता, विडे तोंडात असूनही तेवढं जमलं असतं. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि मान खाली घातली. त्याच्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही. व्हरांड्यात कोणीतरी खोकलं. मला रडायला येत होतं, आणि विड्याचा रस घशात उतरून राहिला होता.

मग सूर ऐकू आला. एकटा डावा हात. उजवा मांडीवर ठेवला होता त्यानं. तिसरी ओळ डाव्या हातानं सावकाश, एकेक सूर चाचपत काढली, मग चौथी, आणि चौथीच्या शेवटाला उजवा हात वर आला. सातवं, आठवं आणि नववं त्यानं एका दमात वाजवलं. संपल्यावर तो तसाच बसून राहिला, आणि लोकांना वाटलं अजून एखादं असेल. मग कचरूनं बोटं मोजून पाहिली आणि उठून टाळ्या वाजवायला लागला.

सत्कार वगैरे झाले, माणसं पांगली. भांडण झालंच नाही म्हणून काही जण जरा नाराज होऊन गेले. इरा आजोबांच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली, आणि मग वहिनींबरोबर घरी गेली. मी बाहेर जाऊन चूळ भरली आणि परत आलो. शालिग्राम पियानोची वायर काढत होता. हॉलमध्ये आम्ही दोघंच.

मी विचारलं, "माह्याकडे काऊन पाह्यलं बे?"

"सवय आहे," तो म्हणाला. "अडलं की तुह्याकडे पाहाची."

मी त्याला सांगितलं, की ती ओळ मला येत होती. त्याला माहीत होतं. देवळामागं मी दोन महिने गात होतो ते त्याच्या घरापर्यंत ऐकू जायचं. माझा आवाज कुठवर जातो ते माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

"अन् मी गायलो असतो तं?"

शालिग्रामनं वायर हाताला गुंडाळली, टोक नीट आत खोचलं. "तं मी साथ केली असती. हातच तसे आहेत. पुढचे तीन तुह्याच मागं वाजवले असते," तो म्हणाला. "तू तोंड मिटून बसला. मंग मलेच शोधा लागलं."

अडतीस वर्षं मी ज्याच्या शेजारी बसून गातो, तो माणूस हे सगळं ओळखून होता आणि तरी दर गुरुवारी पेटी घेऊन माझ्या आधी येऊन बसत होता. मला फार वाईट वाटलं, आणि तितकंच बरंही वाटलं. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. शालिग्राम म्हणाला, जड आहे, तिकडून धर. मी धरलं, आणि तो पुढं झाला.